इंटरव्हलला उठणारे

साबणाच्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती घडीबाई. भेट द्यायच्या साबणांच्या खोक्यांवर पारदर्शक प्लास्टिक चढवायचं, कोपरे दुमडायचे आणि गरम हवेचा झोत फिरवून ते खोक्याला चापून बसवायचं, हे तिचं काम. नव्या मुली एकतर प्लास्टिक जाळायच्या नाहीतर कोपऱ्यांत फुगे सोडायच्या. घडीबाईच्या खोक्यावर मात्र कितीही बोट फिरवा, घडी कुठे सुरू झाली ते सापडायचं नाही. सुपरवायझर तिचं खोकं नव्यांच्या नाकासमोर नाचवत म्हणायचा, "बघा, हे असंच जन्माला आलंय असं वाटतं की नाही?" घडीबाई नाक मुरडायची, पण मनातून सुखावायची. माणसाला आपल्या हाताचं कौतुक नको असतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पुढे याच हातांनी तिचा घात केला, ती गोष्ट वेगळी. म्हणजे वेगळी नाहीच, तीच सांगायची आहे.

तिचा नवरा वीज कंपनीत मीटर वाचायला होता. दिवसभर दारोदार. मीटर म्हणजे जिन्याखाली, दाराआड, चपलांच्या मागे तोंड लपवून बसलेला असतो, आणि घरातल्या नकोशा वस्तूही लोक नेमक्या तिथेच ढकलतात. आकडा टिपून झाला की हा शेजारच्या खोक्यात वाकून बघायचा आणि भोळा चेहरा करून विचारायचा, "ह्या कॅसेटी टाकायच्याच असतील ना?" डिस्क आल्या तशा लोकांनी कॅसेटी खरोखरच टाकायला काढल्या आणि यांच्या दोन खोल्यांत त्यांचा पूर आला. जुने काळेपांढरे पिक्चर त्याला आवडायचेच, पण जीव होता तो काऊबॉयच्या पिक्चरांवर. उन्हानं रापलेली ती माणसं, एका रस्त्याचं ते गाव, गुत्त्याची ती पुढेमागे हलणारी दारं. ऑफिसातल्या मंडळींनी त्याचं नावच शेरीफ ठेवलं होतं. रविवारी एखादा पिक्चर बघून उठला की दोन्ही अंगठे पट्ट्यात खोचून चालायचा. दूध आणायलासुद्धा तसाच जायचा.

या खुळाला घडीबाईचाही हातभार होता. टेपला बुरशी धरू नये म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या तीच कारखान्यातून आणून द्यायची. शेरीफ एकेक कॅसेट ठरावीक दिवसांनी पुढे-मागे फिरवून घ्यायचा, म्हणजे टेप चिकटत नाही. प्लेअरचं डोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. "पोरीचे कान कधी इतक्या निगुतीनं पुसले नाहीत तुम्ही," असं घडीबाई म्हणायची. पोरगी सासरी गेली तरी तिचं हे पालुपद चालूच होतं.

कॅसेटी लावायची त्याची तऱ्हाही जगावेगळी. नावावरून नाही, वर्षावरून नाही, तर शेवटावरून. पिक्चरच्या शेवटी जो घोड्यावर बसून निघून जातो तो वरच्या फळीवर, म्हणजे 'गेलेले'. जो गावातच थांबतो आणि मास्तरणीशी लग्न लावतो तो मधल्या फळीवर, ते 'राहिलेले'. आणि खालच्या फळीवर 'मेलेले'. "आज मेलेल्यांतला एखादा काढू का?" असं तो जेवता जेवता विचारायचा आणि पाहुण्याचा घास तोंडातच राहायचा.

एकच कॅसेट कुठल्याच फळीवर नव्हती. ती कपाटाच्या माथ्यावर, मऊ फडक्यात गुंडाळून आडवी ठेवलेली. कंपनीचं सील तसंच. तिचा शेवट शेरीफला माहीत नव्हता.

लहान असताना वडील त्याला हा पिक्चर दाखवायला घेऊन गेले होते. आई नुकतीच गेली होती. घरात बाप आणि लेक, दोघंच. पिक्चर रंगात आला, दरोडेखोरांच्या मागावर पिक्चरमधला बाप निघाला, त्याचा पोरगा आणि बायको घरी राहिली, कुंपणाचं फाटक लागलं आणि इंटरव्हल झाला. दिवे लागले तसा वडिलांनी याचा दंड धरला. "चल. संपला पिक्चर." पोरगं भाबडं, त्याला ते खरंच वाटलं. वर्गात मोठ्या ऐटीत गोष्ट सांगायला गेलं तेव्हा पोरांनी हसून हसून त्याची पार लाज काढली. अर्ध्यातून उठून आलास होय रे? तेव्हापासून ते जे मनात बसलं ते बसलंच.

पुढे पोरगं मोठं झालं, शेरीफ झालं, बापाला जपणाराही झालं. औषधपाणी, चष्मा, हिवाळ्याचा स्वेटर, कशात म्हणून कसर नाही. पण जिभेवर ते एक वाक्य कायम. बाबांनी ताटात दोन घास टाकले, "आमचे बाबा म्हणजे इंटरव्हलला उठणारे." बाबा कुणाच्या लग्नातून लवकर परतले, "इंटरव्हल झाला वाटतं." चारचौघांत हशा पिकायचा. बाबाही हसायचे, म्हणजे ओठ हलवायचे, आणि उठून बाहेर गॅलरीतल्या बाकावर जाऊन बसायचे. उभा जन्म रंगाच्या कारखान्यात काढलेला माणूस, नखांतला निळा रंग म्हातारपणीही गेला नव्हता. बोलणं मुळातच कमी.

तो पिक्चर शेरीफला कुठल्याशा घराच्या जिन्याखाली, कुणाच्या तरी न उघडलेल्या खरेदीत मिळाला. आणल्या आणल्या बघेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यानं ती कपाटावर ठेवली. "हा रिटायर झाल्यावर. त्या दिवशी मला कुणी उठवू शकणार नाही," तो म्हणाला. म्हणताना त्यानं बाबांकडे बघितलं.

एकदा सकाळी चहा घेताना शेजारी आला होता आणि शेरीफनं त्याला ही सगळी कहाणी मीठमसाला लावून ऐकवली. बाबांनी अर्धा कप तसाच ठेवला. "बघा, चहालाही इंटरव्हल!" शेरीफ म्हणाला. शेजारी खदखदला. बाबा बाहेर गेले. घडीबाईनं तो कप रागानं मोरीत ओतला. त्या दिवशी कारखान्यातलं हवेचं यंत्र जळालं आणि सगळ्यांना लवकर घरी सोडलं. घरी येऊन बघते तर शेरीफ कामावर, बाबा बाकावर उन्हात. कपाटाच्या माथ्यावर ती कॅसेट. असं आहे तरी काय त्या मेल्या पिक्चरात, की ज्याच्यापायी एका म्हाताऱ्याला जन्मभर टोमणे खावे लागतात? घडीबाईनं स्टूल ओढलं, कॅसेट उतरवली आणि नखानं सील फाडलं.

सील काय, ती पुन्हा लावू शकत होती. तिच्याइतकं चांगलं ते या शहरात कुणी लावू शकलं नसतं.

पिक्चरची भाषा तिला अर्धीमुर्धीच कळायची, पण इतकी वर्षं शेरीफच्या शेजारी बसून हे पिक्चर न ऐकताही कळायला लागले होते. शेवट आला. बाप दरोडेखोरांना संपवून परत आला तर अंगणात बायको पडलेली. तिला गोळी लागलेली. पोराला ते कळलेलंच नाही, त्याला वाटतंय आई झोपली आहे. ते आपल्या टोपीत विहिरीचं पाणी भरून आणतं आणि आईच्या तोंडाशी धरून उभं राहतं. टोपीतून पाणी गळत राहतं.

"बंद कर ते."

दारात बाबा उभे होते. पडद्याकडे बघत नव्हते, उंबऱ्याकडे बघत होते.

"बाबा, तुम्हाला हा शेवट..."

"मी आधी बघितलेला होता तो पिक्चर. कारखान्यातल्या लोकांबरोबर. घोडे लक्षात होते, गोळीबार लक्षात होता. म्हटलं, पोरगं गप्प गप्प असतं, तेवढंच खूश होईल. तेव्हा घरात बाई जिवंत होती गं. पिक्चरमधली मेलेली कुठे लक्षात राहते?" ते भिंतीला टेकले. "इंटरव्हलला दिवे लागले आणि आठवलं. त्याची आई गेली तेव्हा हा पण असाच पाण्याचा पेला घेऊन उभा होता. मी काय करणार? धरला आणि बाहेर काढला."

"मग हे त्यांना सांगत का नाही तुम्ही? रोज उठून बोलतात ते!"

"आता सांगितलं तर सारवासारव वाटेल. कॅसेट आहे ना त्याच्याकडे? बघेल एक दिवस. स्वतःच्या डोळ्यांनी बघेल तेव्हा कळेल." एवढं बोलून बाबा पुन्हा बाकावर जाऊन बसले. आयुष्यात तिच्याशी इतकं ते कधीच बोलले नव्हते.

घडीबाईनं डोळे पुसले. आणि मग तिनं ते केलं, जे फक्त शेरीफच्याच बायकोला सुचलं असतं. कुणी साधी बाई असती तर कॅसेट तशीच काढून खोक्यात घातली असती. पण न उघडलेली कॅसेट सुरुवातीवर असते, हे घडीबाईला पक्कं ठाऊक. तिनं रिवाइंडचं बटण दाबलं. प्लेअर एकदा गुरगुरला, खरखरला आणि गप्प झाला. कॅसेट ओढून काढली तर तिच्या मागून टेप आली, कंगव्यातल्या गुंतवळासारखी, चुरगाळलेली, चाकांत अडकलेली. अंगठ्यानं सारखी करायला गेली तर तिची वरची तपकिरी पूड बोटांना लागली.

तेवढा भाग तिनं कात्रीनं कापला. उरलेली टेप चिकटपट्टीनं चाकाला जोडली आणि हातानं फिरवत सुरुवातीवर आणली. गुंतवळ वर्तमानपत्रात बांधून दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या कचऱ्यात टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त झालेल्या यंत्राखाली कॅसेटला नवं सील चढवलं. सुपरवायझरनं विचारलं, "हे काय नवीन?" "नवऱ्याचं आहे," ती म्हणाली. कॅसेट फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटावर गेली. ती तिथे आहे तशीच दिसत होती. फक्त तिच्यातून बाबांची साक्ष गेली होती, आणि हे एकट्या घडीबाईला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी सांगणार होती ती. पण शेरीफ कुठूनशी एक दुर्मीळ कॅसेट मिळवून शीळ घालत आला. त्याच्या आनंदावर कशाला पाणी ओतायचं, उद्या सांगू. उद्या पोरीचं पत्र आलं, परवा त्याचं डोकं दुखत होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते सांगणं इतकं जुनं झालं, की आता कॅसेटीपेक्षा उशिराचीच जास्त लाज वाटायला लागली. डिस्कवर तो पिक्चर येईल, मग गुपचूप बदलू, अशी एक आशा होती. कॅसेटवाल्या दुकानदाराला तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "त्या पिक्चरला कोण विचारतंय बाई? त्याची डिस्क कुणी काढलीच नाही." टोमणे मात्र चालू होते. प्रत्येक टोमण्याला बाबा ओठ हलवायचे आणि घडीबाईकडे एकदा बघायचे. तक्रार नसायची त्या बघण्यात. बघेल की एक दिवस, असंच असायचं. तेच घडीबाईला सहन व्हायचं नाही. मूग गिळून ती भांडी घासायला घ्यायची.

बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेरीफ औषध आणायला खाली गेला आणि बाबांनी तिला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"बघितली का गं त्यानं?"

नाही म्हणावं तर या माणसाजवळ आता वाट बघायला दिवस उरले नव्हते. घडीबाई म्हणाली, "हो बाबा. बघितली."

"काय म्हणाला?"

"म्हणाले... बरं केलं बाबांनी."

बाबांनी डोळे मिटले. चेहरा इतका सैल झाला, की घडीबाईला वाटलं गेलेच. तसे ते आणखी दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत ते लेकाकडे फार मायेनं बघायचे आणि लेकाला त्यातलं काहीच कळत नव्हतं. शेवटच्या दिवशी बाबा थोडं जेवले तेव्हा तो म्हणालासुद्धा, "शाबास! आज इंटरव्हल नाही हं." बाबा हसले. या वेळी खरंच हसले.

माणूस गेल्यावर लोक म्हणतात, सुखानं गेला. घडीबाईलाही लोक तसंच म्हणाले. तिनं मान हलवली आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आणि शेवटी शेरीफ रिटायर झाला. ऑफिसनं घड्याळ दिलं, मित्रांनी खोट्या चामड्याचा शेरीफचा बिल्ला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पडदे ओढले, प्लेअरचं डोकं पुसलं, खुर्च्या लावल्या. दोघांसाठी दोन, आणि गॅलरीतला बाक उचलून आत आणला. "बाबांची जागा," तो म्हणाला. "बघू दे आज त्यांनाही, पोरगं शेवटपर्यंत बसतं का ते." मग स्टुलावर चढून कॅसेट उतरवली, फडकं सोडलं आणि सीलला नख लावलं.

"अहो, थांबा."

"आता काय? चहा नंतर."

"ते सील कंपनीचं नाही. माझं आहे."

शेरीफ हसला. बायको थट्टा करते आहे असंच त्याला वाटलं. मग तिचं तोंड बघून हसू मावळलं. त्यानं कॅसेट उजेडाशी नेली, कडेवरून अंगठा फिरवला, पाठीवरून फिरवला, कोपरे चाचपले. बराच वेळ.

"घडी सापडत नाही," तो म्हणाला. "म्हणजे तुझीच."

घडीबाईच्या हाताचं इतकं वाईट कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

"कधी उघडलीस?"

"बाबा होते तेव्हा. आणि नुसती उघडली नाही. टेप अडकली. शेवट... शेवट मी कापून टाकला."

शेरीफ बाकावरच बसला. बाबांच्या जागेवर. ओरडेल, कॅसेट फेकेल, काय वाटेल ते करेल, असं तिनं इतकी वर्षं मनात रंगवलं होतं. तो म्हणाला, "तू बघितलास का?"

"बघितला."

"मग सांग. कुठल्या फळीवर जातो?"

"कुठल्याच नाही. काऊबॉय जातही नाही, मरतही नाही. आई मरते. पोरगं टोपीत पाणी घेऊन उभं राहतं, तिला पाजायला."

मग घडीबाईनं दारात उभे राहिलेले बाबा सांगितले. कारखान्यातल्या लोकांबरोबर बघितलेला पिक्चर सांगितला, लागलेले दिवे सांगितले, पाण्याचा पेला सांगितला. बाबांचा शब्द न् शब्द तिच्याजवळ तसाच होता, तिनं तो एकही न गाळता त्याच्यापुढे ठेवला.

"हे तुला माहीत होतं?" शेरीफचा आवाज फाटला. "मी रोज त्यांना बोलत होतो आणि तुला माहीत होतं?"

"सांगितलं असतं तर कॅसेटचं सांगावं लागलं असतं."

"अगं, एका कॅसेटसाठी?"

"तुमच्याच घरात राहिले ना मी?" घडीबाई रडत म्हणाली. "इथं कॅसेट म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

शेरीफनं भिंतीवरच्या फळ्यांकडे बघितलं. गेलेले, राहिलेले, मेलेले, सगळे पाठ करून उभे होते. खरी चूक तिचीच होती आणि अर्धी त्याच्या गळ्यात घालून ती हलकी होत नव्हती, हे तिला बोलता बोलताच कळलं.

"शेवटी त्यांनी विचारलं मला," ती म्हणाली. "दवाखान्यात. बघितली का म्हणून. मी हो म्हणाले. काय म्हणाला, विचारलं. तुमच्या नावानं खोटंच सांगितलं मी."

"काय?"

"बरं केलं बाबांनी, असं म्हणालात म्हणून."

तो उठला आणि बाहेर गॅलरीत गेला. बाक आत होता, त्यामुळे तिथे बसायला काही नव्हतं. कठड्याला धरून तो उभा राहिला, अंगठे पट्ट्यात न खोचता. घडीबाई आत बसून राहिली. जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा तिला धीर झाला नाही.

बऱ्याच वेळानं आला. चेहरा धुतलेला. त्यानं सील फाडलं, कॅसेट प्लेअरमध्ये सरकवली. घोडे धावले, धूळ उडाली, दरोडेखोर पळाले. एरवी दर वाक्याला माहिती पुरवणारा माणूस आज एक शब्द बोलला नाही. पडद्यावरच्या बापानं पोराच्या डोक्यावर टोपी चढवली, आईला काही सांगितलं. कुंपणाचं फाटक लागलं.

शेरीफनं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यानं वाकून घडीबाईचा दंड धरला.

"चल. संपला पिक्चर."

घडीबाई उभी राहिली. पुढे अजून किती टेप शिल्लक आहे, हे तिला माहीत होतं.

"बरं केलं बाबांनी," तो बाकाकडे बघून म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, दवाखान्यात ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलतात तसं.

सवयीनं घडीबाईचा हात रिवाइंडच्या बटणाकडे गेला. शेरीफनं तो वरच्या वर धरला.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तिथंच."